परदेशातून आपली निवडणूक कशी पाहता? आणि यादीत नाव आहे का?

ओसरी

४ जून २०२४. जर्मनीत पहाटेचे साडेचार, साताऱ्यात सकाळचे आठ. मुलगा झोपला होता म्हणून दिवा न लावता स्वयंपाकघरात बसले होते. लॅपटॉपवर एक मराठी वृत्तवाहिनी, फोनवर निवडणूक आयोगाचं निकालांचं पान आणि कानाला बाबा.

मला इथे येऊन नऊ वर्षं झाली. पासपोर्ट भारताचाच आहे. २०१९ चा लोकसभेचा निकालही मी रात्र जागून पाहिला होता, पण तेव्हा नुसती वाहिनी लावली होती. संध्याकाळी देशाचा आकडा तोंडपाठ होता, आणि माझ्या स्वतःच्या मतदारसंघात काय झालं ते विचारलं असतं तर विजयी उमेदवाराच्या नावापलीकडे मला काही सांगता आलं नसतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात पोटनिवडणूक लागली. १८ ऑक्टोबरची शरद पवारांची ती भर पावसातली सभा सगळ्या महाराष्ट्राने पाहिली, मीही पाहिली, दिवसभरात वीस ठिकाणांहून तोच तुकडा आला. बाबा त्या मैदानात होते. रात्री फोनवर ते सभेबद्दल थोडंच बोलले. जास्त बोलले ते त्या पावसात कुणाचं सोयाबीन भिजलं त्याबद्दल. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की आम्ही दोघं एकच निवडणूक पाहत नव्हतो.

म्हणून २०२४ ला ठरवून वेगळं केलं. बाबांनी वही काढली, मी आयोगाचं पान उघडलं. वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण, सातारा असे सहा विधानसभा भाग. एकेका फेरीचा आकडा मी वाचायचा, बाबांनी लिहायचा आणि त्यावर बोलायचं. सकाळी पुढे असलेला उमेदवार दुपारी मागे पडला. वाहिनीवर तोपर्यंत साताऱ्याला दोन वाक्यं मिळाली असतील. आमच्या वहीत मात्र एक तिसरीच ओळ वाढत चालली होती. ‘तुतारी’ असं नाव छापलेलं चिन्ह असलेल्या एका अपक्षाची मतं. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह दुसऱ्याच, शेवटी हरलेल्या उमेदवाराचं होतं. शेवटी जिंकणारा आणि हरणारा यांच्यातलं अंतर होतं ३२,७७१ आणि त्या अपक्षाला मतं होती ३७,०६२. त्यातली चुकून किती, मनापासून किती, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, मीही सांगणार नाही. पण हा प्रश्न दिसला तो फेऱ्या मोजत बसल्यामुळे. स्टुडिओतल्या चर्चेतून तो मला कधीच दिसला नसता.

फोन ठेवताना बाबा म्हणाले, “तुला सांगायचं राहिलं. तुझं नाव यादीत नाही आता. बीएलओ बाई, म्हणजे घरोघरी यादी तपासणाऱ्या, घरी आल्या होत्या, मुलगी कुठे असते विचारलं. मी खरं ते सांगितलं.”

खरं सांगितलं ते बरोबरच केलं. तरी त्या दिवशी निकालापेक्षा जास्त वेळ मी त्या वाक्याचा विचार करत होते. इथे तुमच्यापैकी बरेच जण बाहेर आहेत. तुम्ही निवडणूक कशी पाहता? आणि तुमचं नाव आहे का यादीत?

रानजाई

आमच्याकडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ३ जूनच्या रात्री साडेदहाला मोजणी सुरू झाली. त्यामुळे आमच्यासाठी निकालाचा दिवस म्हणजे आदल्या रात्रीपासूनचं जागरण. सकाळी ऑफिसात गेले तेव्हा तिकडे संध्याकाळ होत आली होती आणि भाजप २४० वर, काँग्रेस ९९ वर असं चित्र जवळजवळ पक्कं झालं होतं. ऑफिसात कुणालाच त्याचं काही नव्हतं. माझ्या आत दिवसभर खळबळ आणि आजूबाजूला नेहमीचा मंगळवार.

यादीचं विचाराल तर मी त्या रांगेतच नाही. २०१६ मध्ये इथलं नागरिकत्व घेतलं. हातात ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते. ते आयुष्यभराचा व्हिसा देतं, पण नागरिकत्व कायद्याच्या कलम ७-ब प्रमाणे मतदार म्हणून नोंद करता येत नाही. शपथ घेतली त्या दिवशी मला हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आई मत देऊन आल्यावर शाईच्या बोटाचा फोटो पाठवते तेव्हा जे होतं ते वेगळं.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. नागरिकत्व गेल्यावर पहिली काही वर्षं मी जास्तच बोलत होते. आईला व्हिडिओ पाठवायचे, लेख पाठवायचे, यांना देऊ नकोस, त्यांना दे. २०१९ ला आईने मला सांगितलं, “अगं, तुझं मत तिकडे दे. इकडचं माझं मला देऊ दे.” रागाने नाही म्हणाली. पण त्यानंतर मी पाठवणं बंद केलं आणि विचारायला लागले. प्रचाराला कोण आलं होतं? सोसायटीच्या पाण्याचं काय झालं? तू कुणाचं ऐकलंस? आमचं बोलणं त्यामुळे पुष्कळ सुधारलं.

तिन्हीसांज

ओसरीताई, नाव सामान्य यादीतून गेलं तरी मताचा हक्क गेलेला नाही. तुमचा पासपोर्ट भारताचा आहे ना? मग ‘अनिवासी मतदार’ म्हणून नोंद करा. मी अबुधाबीत आहे, मूळ ठाण्याचा. २०१८ ला नोंदणी केली.

कसं करायचं ते सांगतो, कारण मला कळायला फार वेळ लागला होता. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने कलम २०-ए आलं आणि २०११ पासून ही सोय सुरू झाली. अर्ज आहे ६-ए. आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. पासपोर्टचं फोटोचं पान, भारतातल्या पत्त्याचं पान आणि चालू व्हिसाचं पान जोडायचं. पासपोर्टवर जो भारतातला पत्ता, तोच तुमचा मतदारसंघ. तिथला बीएलओ घरी जाऊन खातरजमा करतो, म्हणून घरच्यांना आधी सांगून ठेवा. अनिवासी मतदाराला मतदार ओळखपत्र मिळत नाही, आधीचं असेल तर ते परत करावं लागतं. केंद्रावर पासपोर्ट दाखवायचा, तोही मूळ. झेरॉक्स चालत नाही.

आणि आता मुख्य अडचण. मत द्यायला स्वतः त्या केंद्रावर हजर राहावं लागतं. टपाल नाही, दूतावासात पेटी नाही, ऑनलाइन नाही. २९ एप्रिल २०१९ ला मी ठाण्यात होतो, रांगेत उभा राहून मत दिलं. २०२४ ला आमचं मतदान २० मे रोजी होतं. तारखा कळल्या १६ मार्चला. तोपर्यंत माझी रजा पावसाळ्यासाठी लागून गेली होती, बदलून मिळाली नाही.

आकडे बघा म्हणजे कळेल. २०१९ ला देशभरात नोंदलेले अनिवासी मतदार साधारण एक लाख आणि प्रत्यक्ष मत देणारे २५,६०६, त्यातले जवळजवळ सगळे केरळचे. २०२४ ला नोंद १,१९,३७४ वर गेली आणि मत देणारे उरले २,९५८. त्यातही २,६७० केरळचेच. केरळी मंडळी इथे गट करून तिकिटं काढतात, रजा एकमेकांत वाटून घेतात. आपल्याकडे असं कुणी करताना मला अजून दिसलेलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अकरावी दिशा

मी पुण्यात राहते, बाहेर कधी राहिले नाही. थोडं विरोधी बोलणार आहे, पण मनात आहे ते बोलते.

बाहेर राहणाऱ्यांनी मत का द्यावं, हे मला पटलेलं नाही. आमच्या भागात मार्चपासून टँकर येतो. शाळेत शिक्षक कमी आहेत. आम्ही ज्याला निवडू त्याचे पाच वर्षांचे परिणाम आमच्या डोक्यावर. तुम्ही विमानाने येणार, बटण दाबणार आणि परत जाणार. माझा एक चुलतभाऊ परदेशात आहे. त्याची मतं अतिशय जहाल आहेत आणि त्यांची झळ त्याला कधीच बसत नाही. घरच्या ग्रुपवर त्याने निवडणुकीच्या दोन महिन्यांत एवढी भांडणं लावली की माझे वडील आणि काका दिवाळीपर्यंत बोलत नव्हते.

तुम्ही सगळे तसे आहात असं म्हणत नाही. ओसरींनी लिहिलं ते वाचून बरं वाटलं. पण ज्याला परिणाम भोगायचे त्यानेच निर्णय घ्यावा, हे तत्त्व मला सरळ वाटतं.

तिन्हीसांज

तुमचा मुद्दा खरा आहे आणि भावाबद्दल वाचून खेद वाटला. पण आखातातल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे, ती ऐका.

इथे आम्हाला नागरिकत्व मिळण्याची वाटच नाही म्हटलं तरी चालेल. वीस वर्षं राहिलो तरी व्हिसा नोकरीशी बांधलेला, नोकरी संपली की परत. माझ्याबरोबर बांधकामावर काम करणारे लोक आहेत, त्यांचं सगळं कुटुंब गावी. मुलं तिथल्याच शाळेत, आईवडील तिथल्याच सरकारी दवाखान्यात. टँकर त्यांच्याही दारात येतो, फक्त बादली बायको धरते. त्यांना इथे मत नाही आणि तिथे जाऊन द्यायचं तर दोन महिन्यांची बचत तिकिटात जाते. परिणाम भोगणारा माणूस म्हणून मोजलंत तर ते पहिले येतील.

परदेशातून सगळ्यात जास्त पैसा घरी येणारा देश भारत आहे, हेही लोक सांगतात. मी तो मुद्दा करत नाही. पैसे पाठवले म्हणून मत मिळावं असं नाही. ते नागरिक आहेत एवढंच पुरे आहे.

जुना वाटाड्या

मी निवृत्त शिक्षक. १९९१ पासून २०१९ पर्यंत बहुतेक सगळ्या निवडणुकांत काम केलं, शेवटच्या काही वेळा केंद्राध्यक्ष होतो. दुसऱ्या बाजूचं थोडं सांगतो.

मतदार यादीच्या भागात अगदी शेवटी अनिवासी मतदारांची नावं वेगळी असतात. माझ्या हाती आलेल्या याद्यांत तिथे एखाददुसरं नाव असायचं, बहुतेक वेळा काहीच नसायचं. आणि त्या नावाचा माणूस समोर येऊन उभा राहिला असं माझ्या सगळ्या कारकिर्दीत एकदाही घडलं नाही. त्याशिवाय आमच्याकडे एक एएसडी यादी असते. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत यांची. बाहेरगावी, परदेशी गेलेली पुष्कळ मुलं त्या यादीत असत. त्यातलं कुणी आलं तर ओळख नीट तपासून, सही आणि अंगठा घेऊन मतदान करू द्यायचं. ओसरीच्या वडिलांनी बीएलओला खरं सांगितलं, त्याचं मोल मला विचारा. खोटी नावं वाढली की यादीवरचा भरवसा जातो, आणि भरवसा गेला की केंद्रावरच्या माणसाला दिवसभर प्रत्येक चेहऱ्याकडे संशयाने पाहावं लागतं.

परदेशातली मुलं निवडणूक पाहतात, याचा मला आनंद आहे. एकच सांगणं आहे. केंद्रावर काय काय होतं ते आधी समजून घ्या. पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान होतं. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकून, मोजून, पुसून मग यंत्र मोहोरबंद करतात. संध्याकाळी १७-सी नमुन्यात एकूण किती मतं पडली ते लिहून प्रत्येक प्रतिनिधीला प्रत देतात. मोजणीच्या दिवशी आधी टपाली मतं घेतात, अर्ध्या तासाने यंत्रं. प्रत्येक विधानसभा भागातली पाच केंद्रं चिठ्ठी टाकून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या मोजतात. एवढं ठाऊक असलं की फोनवर आलेला कोणता व्हिडिओ विचार करण्याजोगा आणि कोणता नाही, हे ज्याचं त्याला कळतं. शंका जरूर घ्यावी. पण माहिती घेऊन घ्यावी.

खारा वारा

मी मर्चंट नेव्हीत आहे. बोटीवरून लिहितोय, नेट येईल तेव्हा.

आमचा प्रश्न कुणाच्याच खात्यात बसत नाही. माझं घर रत्नागिरीत, बायकामुलं तिथेच. मी सहा महिने समुद्रावर, मग सुट्टी. कायद्याने मी रत्नागिरीचाच रहिवासी, तात्पुरतं बाहेर गेल्याने वास्तव्य संपत नाही. म्हणजे नाव सामान्य यादीत आहे आणि ते योग्यच आहे. पण ७ मे २०२४ ला माझी बोट अटलांटिकमध्ये होती.

सैन्यातल्या जवानाला, परदेशातल्या दूतावासातल्या कर्मचाऱ्याला ‘सेवा मतदार’ म्हणून टपाली मत आहे. मतपत्रिका त्यांना आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते, ते छापून, खूण करून टपालाने परत पाठवतात. व्यापारी जहाजावरच्या माणसाला यातलं काही नाही. २० वर्षांत लोकसभेच्या एकाच निवडणुकीत मी मत देऊ शकलो. निकाल मला कॅप्टनने छापून लावलेल्या बातम्यांच्या कागदावर कळला, त्यात महाराष्ट्राबद्दल एकच ओळ होती.

मैलाचा दगड

खारा वारा यांचं वाचून राहवलं नाही. मी सिंगापूरला आहे आणि या विषयाच्या मागे बरीच वर्षं आहे. काय काय होऊन गेलंय ते थोडक्यात.

अनिवासी भारतीयांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केल्या, मागणी अशी की हजर राहायची अट समानतेच्या विरुद्ध आहे. पुढे सरकारने प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक आणलं, म्हणजे तुमच्या वतीने तुम्ही नेमलेला माणूस मत देणार. ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत ते मंजूर झालं. राज्यसभेत आलंच नाही आणि २०१९ ला सोळावी लोकसभा संपली तसं तेही संपलं. मला त्याचं दुःख नाही. माझं मत माझ्या चुलत्याने देणं म्हणजे चुलत्याला दोन मतं देणं, गुप्तता तर राहिलीच नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आयोगानेच सरकारला कळवलं की सेवा मतदारांसारखी इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिका अनिवासी मतदारांनाही देता येईल. ती वाट मला जास्त बरी वाटते. पण तिथेही प्रश्न आहेत. कामगारांच्या छावणीत मतपत्रिका आली तर ती मुकादमासमोर भरावी लागणार नाही, याची खात्री कोण देणार?

बाकीच्या जगात हे होतंच नाही असं नाही. फ्रान्सने परदेशातल्या आपल्या नागरिकांसाठी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ११ जागाच राखल्या आहेत, इटलीतही परदेशस्थांचे वेगळे खासदार निवडून येतात. फिलिपिन्समध्ये २००३ साली परदेशातून मतदानाचा कायदा झाला, आणि तिथले खलाशीही त्यातून मत देतात. खारा वारा, तुमच्याच बोटीवरच्या फिलिपिनो सहकाऱ्यांना विचारा.

आणि टपाली मतांनी काय फरक पडतो असं वाटत असेल तर मुंबई उत्तर-पश्चिम आठवा. २०२४ ला तिथे यंत्रांवरची मोजणी संपली तेव्हा दोन उमेदवारांत एका मताचं अंतर होतं. ४,५१,०९५ आणि ४,५१,०९४. मागे असलेल्याला टपाली मतं जास्त मिळाली आणि तो ४८ मतांनी निवडून आला. नऊ लाखांहून जास्त मतांतून ४८.

अकरावी दिशा

खारा वारा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्यांच्याबाबतीत माझं तत्त्व लागू होत नाही, हे मान्य करते. बांधकामावरच्या लोकांबद्दलही. ज्यांचं घर इथे आहे आणि ज्यांना परत यायचंच आहे, त्यांना मत मिळायला हवं.

जे कायमचे गेले त्यांच्याबद्दल मात्र मी अजून तिथेच आहे. पण कायमचा कोण आणि तात्पुरता कोण, हे ठरवायचं कुणी, हा प्रश्न मला काल रात्री सुचला आणि उत्तर सापडलं नाही.

पाणपोई

ठरवता येत नाही हो ताई, ज्याचं त्यालाही येत नाही. मी ब्रिटनमध्ये अकरा वर्षं आहे, दर वर्षी पुढच्या वर्षी परत जायचं म्हणते.

इथली एक गोष्ट फार कमी आपल्या लोकांना माहीत असते म्हणून सांगते. भारत राष्ट्रकुलात आहे. त्यामुळे ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक, भारताचाच पासपोर्ट असताना, इथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देऊ शकतो. फक्त नाव नोंदवायचं. मी ४ जून २०२४ ला भारताचा निकाल पाहिला आणि बरोबर एका महिन्याने, ४ जुलैला, इथे मत दिलं. ओळखीसाठी भारताचा पासपोर्ट दाखवला, तो चालतो. कागदाची मतपत्रिका, दोरीला बांधलेली पेन्सिल, बोटाला शाई नाही. रात्री दहाला मतदान संपलं आणि उजाडेपर्यंत सरकार बदललं होतं. आपल्याकडे १९ एप्रिल ते १ जून असे सात टप्पे आणि मग ४ जूनपर्यंत थांबणं, हे मी इथल्या शेजारणीला समजावत होते. ९६ कोटींहून जास्त मतदार म्हटल्यावर ती गप्पच झाली.

मला विचाराल तर त्या मताने माझ्यात बदल झाला. तोवर मी इथल्या बातम्या पाहुण्यासारखी वाचत होते. बस कमी झाल्या, दवाखान्यात तारीख मिळत नाही, हे माझंही आहे असं मत दिल्यावर वाटायला लागलं. आणि गंमत नाही, खरंच सांगते, त्यानंतर भारताच्या निवडणुकीबद्दलचं माझं बोलणं शांत झालं. सगळा जीव एकाच ठिकाणी अडकलेला राहिला नाही म्हणून असेल. न्यूझीलंडमध्येही रहिवासी व्हिसावर वर्षभर राहिलं की मत देता येतं, माझी बहीण तिथे देते. स्वीडन, नेदरलँड्समध्ये काही वर्षांनी स्थानिक निवडणुकीत देता येतं. तुमच्या देशात काय नियम आहे ते जरूर शोधा. ओसरी, जर्मनीत आहे का असं काही?

ओसरी

नाही. इथे स्थानिक निवडणुकीत युरोपीय संघाच्या नागरिकांना मत आहे, आपल्याला नाही. म्हणून मी इथेही बाहेर आणि तिथेही बाहेर होते.

‘होते’ असं लिहिलं, कारण तिन्हीसांज यांचा प्रतिसाद वाचून त्याच आठवड्यात ६-ए भरला. पासपोर्टवर साताऱ्याकडचाच पत्ता होता. बीएलओ बाई पुन्हा घरी गेल्या. बाबांनी त्यांना चहा दिला आणि म्हणे सांगितलं, मागच्या वेळी नाव तुम्हीच काढलंत, आता तुम्हीच घाला. नाव आलं. आमच्या भागाच्या यादीत सगळ्यात शेवटी वेगळ्या शीर्षकाखाली एकटं आहे. बाबांनी ते पान छापून आणलं आणि फोटो पाठवला.

अकरावी दिशा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही. मी कायमची आले का, मला माहीत नाही. पण तुमचं एक वाक्य मी मनात ठेवलंय, परिणाम भोगणाऱ्याने ठरवावं हे. म्हणून बाबांशी एक ठरवून घेतलं. कुणाला द्या, हे मी सांगणार नाही. पण बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, बारीक अक्षर वाचता येत नाही. प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती शपथपत्रावर द्यावी लागते, ती आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी आमच्या भागातल्या मुख्य उमेदवारांची शपथपत्रं मी फोनवर मोठ्याने वाचून दाखवली. चार रविवार गेले. शेताचा गट क्रमांक आला की बाबा थांबवायचे, “परत वाच.” त्यांना ती जमीन माहीत असायची, आधी कुणाची होती तेही. गेली नऊ वर्षं त्यांच्याशी निवडणुकीवर बोलत होते, पण त्या चार रविवारांत जेवढं कळलं तेवढं कधीच कळलं नव्हतं.

२० नोव्हेंबरला जायला जमलं नाही. मुलाची शाळा होती. २३ ला पुन्हा वही आणि फोन. थंडीतली वेळ असल्याने या खेपेला मोजणी आमच्या पहाटे साडेतीनलाच सुरू झाली.

रानजाई

शपथपत्रं वाचून दाखवण्याची गोष्ट मी आईला सांगितली. ती म्हणाली, मला दिसतं नीट, पण तू वाच.

जुना वाटाड्या

ओसरी, पुढच्या वेळी याल तेव्हासाठी दोन गोष्टी. केंद्र बदलू शकतं, शाळेची इमारत पाडली, खोली बदलली, असं होतं. मागचं केंद्र गृहीत धरू नका, आदल्या दिवशी यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक तपासून एका चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि सकाळी लवकर जा. पहिला मतदान अधिकारी तुमचं नाव वरून शोधायला लागेल आणि त्याला सापडणार नाही, कारण त्या पानापर्यंत तो कधी गेलेलाच नसेल. घाबरू नका, त्याला शांतपणे सांगा, शेवटचं पान उघडा.

ओसरी

चिठ्ठी लिहून पासपोर्टमध्येच ठेवली आहे, काका.